गारपीट आणि मोटार : उपचार कोणता?

डॉक्टरांनी स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब अशा विषयांवर लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. या वेळी मात्र मी माझ्या मोटारीच्या दुखण्याविषयी लिहीत आहे. गारपिटीनंतर तिच्यावर कोणता उपचार करावा हे ठरविताना मला रुग्णाच्या खुर्चीत बसावे लागले, आणि त्या खुर्चीतून आपला व्यवसाय कसा दिसतो, हे आपण क्वचितच पाहतो.

रामाकोन्याला गारा नव्या नाहीत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात दोन आठवड्यांहून अधिक काळ ठिकठिकाणी गारा पडत राहिल्या होत्या. गारेचा व्यास दुप्पट झाला, की तिच्या आघाताची शक्ती सुमारे सोळापट होते. त्यामुळे हरभऱ्याएवढी गार टपावर नुसती वाजते, लिंबाएवढी मात्र खूण ठेवून जाते. माझी गाडी दवाखान्यासमोर उघड्यावर उभी होती. पाऊस थांबल्यावर टपावरचे पोचे मोजले, ते एकेचाळीस भरले. बॉनेटवरचे निराळे.

पुढील आठ दिवसांत तीन मते मिळाली. गावच्या कारागिराने ठोकून, पुट्टी भरून, घासून रंग मारून देण्याचे कबूल केले. नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपने संपूर्ण टप बदलण्याचा सल्ला दिला. तिसऱ्याने रंगाला हात न लावता पोचे काढता येतील असे सांगितले. एका रुग्णाने तर पत्रा उन्हात तापवून त्यावर बर्फ फिरविण्याचा उपाय सुचविला. तोही मी करून पाहिला. पोचे जागचे हलले नाहीत, शेजाऱ्यांची करमणूक तेवढी झाली.

टप बदलणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे. बॉनेट बोल्टांवर बसविलेले असते, ते काढून दुसरे लावणे सोपे. टप मात्र सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेला असतो. तो कापावा लागतो, काचा उतरवाव्या लागतात आणि जोडांवर कारखान्यात केलेले गंजरोधक काम पुन्हा तसेच उतरेल याची खात्री नसते. पुट्टी आणि रंग यांत लबाडी नाही, पण कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ रंग एकदा घासला, की तो परत येत नाही. पुट्टीचा थर जाड झाला तर काही वर्षांनी तडकतो आणि छटेतील फरक उन्हात उघडा पडतो. तिसऱ्या पद्धतीत आतील अस्तर उतरवून लांब, वाकड्या सळ्यांनी पत्रा आतून हलके हलके दाबत वर आणतात. जेथे सळी पोहोचत नाही तेथे बाहेरून गोंदाने पकड चिकटवून पोचा ओढतात. कारागीर शेजारी ट्यूबलाइटसारखा दिवा धरतो आणि पत्र्यावर पडलेल्या प्रकाशरेषा सरळ झाल्या की नाहीत, यावरून काम पारखतो. क्ष-किरण पाहणाऱ्या माणसाला ही दृष्टी ओळखीची वाटावी.

माझे मत स्पष्ट आहे. रंग शाबूत असेल आणि पोचा उथळ, गोलसर असेल, तर प्रथम हीच पद्धत निवडावी. रंग तडकला असेल, पोच्याला धारदार घडी पडली असेल किंवा पत्रा ताणला गेला असेल, तर पुट्टी-रंगाला पर्याय नाही, आणि तेथे उशीर केल्यास गंज धरतो. पत्रा ॲल्युमिनिअमचा असेल तर काम अधिक अवघड होते. टप बदलणे सर्वांत शेवटी.

आता विम्याविषयी. गारपिटीचे नुकसान सर्वंकष पॉलिसीत मिळते, केवळ तृतीय पक्षाच्या विम्यात मिळत नाही. दुरुस्तीपूर्वी कंपनीला कळवून पाहणी करवून घ्यावी, हे बहुतेकांस ठाऊक असते. विसरला जातो तो 'नो क्लेम बोनस'. समजा, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा हप्ता 12,000 रुपये आहे आणि पाच वर्षे दावा न केल्याने 50 टक्के सूट मिळते आहे. दावा केला की ती शून्यावर येते आणि पुढे 20, 25, 35, 45 टक्के अशी पायरीपायरीने चढते. पाच वर्षांत मिळून 15,000 रुपये जास्त भरावे लागतात. गाडीची विमा-किंमत घटत जाते म्हणून प्रत्यक्षात काहीसे कमी. त्याखेरीज गाडीच्या इंजिनाप्रमाणे 1,000 किंवा 2,000 रुपये आपणच सोसायचे असतात आणि रंगाच्या साहित्यावर घसारा कापला जातो. सूट टिकविणारी किंवा घसारा माफ करणारी जोड-पॉलिसी असेल तर हिशेब बदलतो. माझ्याकडे ती नव्हती.

वर्कशॉपच्या अंदाजपत्रकात मागील बंपरचा जुना ओरखडाही आला होता. तो गारांचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी मीच गाडी मागे घेताना खांबाला घासली होती. "सर, विम्यातच बसवून टाकू, सगळेच करतात," असे हसतमुखाने सांगण्यात आले. रजेसाठी खोटा दाखला मागणारा माणूस याच शब्दांत बोलतो आणि त्याला मी तीस वर्षे नकार देत आलो आहे. तरीही, प्रामाणिकपणे सांगायचे तर, त्या कागदावर पेन ठेवून मी क्षणभर थांबलो. नंतर ती ओळ खोडली.

त्याच सुमारास गावचा एक संत्रा-बागायतदार रक्तदाब तपासायला आला. मृगाचा माल तोडणीला आलेला होता, तो निम्मा खाली पडला होता आणि आंबियाचा फुलोरा झडला होता. म्हणजे एका दुपारी दोन बहार गेले. तो फांद्यांचे मोडके टोक छाटून जखमांवर बोर्डो मलम लावत होता, नाहीतर बुरशी शिरते. दारातली गाडी पाहून त्यानेच मला विचारले, "लय मार बसला का जी गाडीले?" मला उत्तर सुचेना. त्याच्या दाव्यासाठी पटवारी केव्हा येणार, हे त्याला माहीत नव्हते. माझ्या पाहणीदाराची तारीख मात्र माझ्या डायरीत लिहिलेली होती.

ती पाहणी मी रद्द केली. रंग कोठेच तडकला नव्हता. दावा न करता पोचे तिसऱ्या पद्धतीने काढून घेतले, खर्च सूट गमावण्यापेक्षा कमी आला. टपाच्या कडेला, जेथे आतून दुसरा पत्रा जोडलेला आहे, तेथले तीन पोचे राहिले. ते निघणार नाहीत, हे कारागिराने काम हाती घेण्यापूर्वीच सांगितले होते.