वसई कोणी जिंकली? तलवारीने की दारूच्या पिंपांनी?

१/ गोराईहून उत्तनकडे जाणारा रस्ता बेटाच्या उत्तर टोकाला चौक येथे संपतो. तेथील डोंगरीवर धारावी किल्ल्याचे मोजके अवशेष उरले आहेत. (ही धारावी मुंबईतली नव्हे, गोराई, मनोरी, उत्तन ज्या बेटावर वसले, त्याचेच हे जुने नाव.) समोर खाडीचे मुख आणि पलीकडे वसईचा कोट. आजचा हा दीर्घ धागा त्या दोन किल्ल्यांमधील पाण्याविषयी आहे.

२/ वसईच्या मोहिमेवर आपण पुष्कळ बोलतो. चिमाजी अप्पांचा निर्धार, मावळ्यांचे शौर्य, पडलेला बुरूज. हे सारे खरेच आहे. परंतु माझे मत असे की, दारूगोळ्याचा हिशेब वगळून सांगितलेला वसईचा इतिहास अर्धाच राहतो.

३/ आधी दारूविषयी. बंदुकीची दारू तीन वस्तूंची : सोरा, गंधक आणि कोळसा. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश भाग सोऱ्याचा. कोळसा कोठेही पाडता येतो. उत्तम सोरा मात्र बिहारमधून येई आणि त्याच्या व्यापारावर इंग्रज व डच टपून बसलेले असत. गंधक बहुतांशी समुद्रमार्गे येई. तोफ स्वतःची असली, तरी तिचे खाद्य बाजारातून आणावे लागे.

४/ ही अडचण जुनीच. शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा आणि बंदुकांना पुरेल इतके शिसे विकत घेतल्याचे इंग्रज इतिहासकार ऑर्म नोंदवतो. लक्षात घ्या, तोफांबरोबर शिसेही! गोळीवाचून बंदूक म्हणजे नुसती लोखंडी नळी.

५/ दारू मिळाली तरी ती टिकवणे हा दुसरा प्रश्न. ती ओल धरते. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा आणि आतील सामान आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून त्यास ऊन द्यावे, असे बजावले आहे. कोकणातला पावसाळा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या आज्ञेचे मोल कळेल.

६/ आता १७३९ कडे येऊ. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टीचा मोठा भाग मराठ्यांनी घेतला होता. वसई उरली होती. तिचा कोट खाडी व समुद्राने वेढलेला. जोवर पाण्यावाटे मुंबईहून वा गोव्याहून शिधा आणि दारूगोळा येत होता, तोवर जमिनीवरचा वेढा अपुराच ठरणार होता.

७/ धारावीचे महत्त्व येथे कळते. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारी ही डोंगरी मार्च १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती आली. समुद्रावर मानाजी आंग्र्यांचे आरमार होते. तिकडे व्यंकटराव घोरपड्यांच्या फौजेने गोव्यालाच गुंतवून ठेवले. वसईच्या कोठारात भर पडण्याच्या वाटा एकेक करून बंद होत गेल्या.

८/ मग पोर्तुगीजांनी मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरले. इंग्रजांनी थोडाफार दारूगोळा दिला. परंतु वेढ्याच्या अखेरीस माणसे देण्याचे नाकारले. १५,००० रुपये कर्ज दिले, तेही तारण घेऊन. तारण कोणते? चर्चमधील चांदीची उपकरणे आणि त्यासाठी तटावरून उतरवलेल्या पितळी तोफा!

९/ या एका नोंदीपाशी मी नेहमी थांबतो. वेढा पडलेला असताना तोफा गहाण टाकाव्या लागणे, याहून टंचाईचे बोलके चित्र कोणते? ज्या चांदीपुढे गोराई-उत्तनच्या किनाऱ्यासारख्या गावांतील पिढ्यांनी गुडघे टेकले, तसली चांदी सावकाराच्या तराजूत गेली. जिंकणाऱ्यांच्या वंशजांनीही हे शांतपणे वाचावे.

१०/ मराठ्यांनाही दारू स्वस्त पडली नाही. त्यांनी बुरुजाखाली सुरुंग पेरले. काही उडाले आणि तटाला खिंडार पडले. एक मात्र वेळेवर पेटलाच नाही. हल्ला करणारे वर चढत असताना तो उडाला आणि आपलीच शेकडो माणसे दगावली. वेढ्यात ५,००० हून अधिक मराठे मेले वा जखमी झाले, असे ग्रँट डफ लिहितो.

११/ १६ मे १७३९ रोजी वसईने शरणागती पत्करली. तारीख पाहा. पावसाळा जेमतेम तीन आठवड्यांवर होता. एकदा आभाळ फाटले असते, तर खंदक पाण्याने भरले असते, सुरुंग वाया गेले असते आणि दारू सादळली असती. चिमाजी अप्पांची घाई ही अधीरता नव्हती. तो ऋतूचा हिशेब होता.

१२/ येथे एक आक्षेप येईल : अशाने शौर्याचे मोल कमी होत नाही का? मला तसे वाटत नाही. उलट, सुरुंग पेटेल की नाही याची शाश्वती नसताना खिंडाराकडे धावणारा माणूस अधिक मोठा दिसतो. पराक्रमाच्या मागची टंचाई दडवणे, हाच त्या पराक्रमाचा अपमान.

१३/ आणि एक कटू गोष्ट. तोफगोळे ओतण्याचा आंबेगव्हाणचा कारखाना उभा राहिला तो माधवराव पेशव्यांच्या काळात, म्हणजे वसईनंतर सुमारे पाव शतकाने. वसईने दिलेला धडा एवढा उशिरा का गिरवला गेला? मराठ्यांच्या उत्तरकाळाची चर्चा फितुरी आणि दैव यांपाशी अडते. ती कारखान्यांपर्यंत पोहोचली पाहिजे.

१४/ म्हणून तरुण मित्रांनो, एक विनंती. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचा १६ वा खंड वसईच्या मोहिमेचा आहे. तो चाळा. विजयाच्या वार्तेइतकीच तेथे माणसे, धान्य आणि दारूगोळा यांची निकड भेटेल. त्या मागण्यांच्या ओळी कंटाळवाण्या म्हणून ओलांडू नका. खरे युद्ध तेथेच चालले आहे.

१५/ आणि गोराईला गेलात, तर किनाऱ्यावरून परत फिरू नका. चौकापर्यंत जा. खाडीच्या मुखाकडे पाहून स्वतःला एवढेच विचारा : येथून एक गलबत आत शिरले असते, तर वसई आणखी किती दिवस लढली असती? तुमचे उत्तर खाली अवश्य लिहा.