आवर तो पसारा! पण कधी?

"आवर तो पसारा!" हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा म्हणतो, कधी मोजलंय का? घरी आई म्हणते, शाळेत बाई म्हणतात. आणि त्याच वेळी आपल्याच फोनवर आइन्स्टाइनच्या टेबलाचा फोटो फिरत असतो, पसारा म्हणजे बुद्धिमत्तेची खूण अशा मजकुरासकट. फोटो खरा आहे. १८ एप्रिल १९५५ रोजी आइन्स्टाइन गेले, त्याच दिवशी राल्फ मोर्स या छायाचित्रकाराने प्रिन्स्टनमधल्या त्यांच्या कार्यालयात तो काढला. पण पसाऱ्यामुळे बुद्धी येत असती, तर आपल्या स्टाफरूममधून एव्हाना दोन-तीन नोबेल निघायला हवी होती!

पसाऱ्याच्या बाजूने एक प्रयोग मात्र नेहमी सांगितला जातो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात कॅथलीन व्होस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, प्रसिद्ध झाला २०१३ मध्ये. काही जणांना आवरलेल्या खोलीत बसवलं, काहींना विस्कटलेल्या. पिंगपाँगच्या चेंडूचे नवे उपयोग सुचवा, असं सांगितलं. दोन्हीकडे कल्पना साधारण सारख्याच संख्येने आल्या, पण विस्कटलेल्या खोलीतल्या कल्पना जास्त नावीन्यपूर्ण ठरल्या. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू फारसं कोणी सांगत नाही. नीटनेटक्या खोलीत बसलेल्यांनी दानाला जास्त पैसे देऊ केले आणि जाताना चॉकलेटऐवजी सफरचंद जास्त वेळा उचललं. म्हणजे दोन्ही खोल्यांचा उपयोग आहे. शिवाय हा प्रयोग मोठ्या माणसांवरचा, थोड्या वेळापुरता. त्यावरून मुलांचा वर्ग कसा असावा हे ठरवणं घाईचं होईल.

मला त्यात वेगळीच गोष्ट खटकते. त्या खोलीतला पसारा संशोधकांनी मांडलेला होता, तिथे बसलेल्यांचा नव्हता. मुलाच्या पसाऱ्याचं तसं नसतं. कार्यानुभवाच्या तासाला एखादी मुलगी काड्यापेट्यांचा पूल करत असते. डिंक ओला आहे, चार पेट्या बाजूला काढून ठेवल्यात, कागदाचे तुकडे इकडे-तिकडे. आपल्याला तो कचरा दिसतो. तिला मात्र नेमकं माहीत असतं की कुठला तुकडा कुठे बसणार. एवढ्यात घंटा होते, आपण "चला, चला, आवरा" म्हणतो आणि सगळं एका पिशवीत जातं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, अशी आपली अपेक्षा! ती करत नाही. पुढच्या वेळी ती पंधरा मिनिटांत संपेल असंच काहीतरी करायला घेते. एक साचेबंद फूल, एक घर, मागे दोन डोंगर आणि मधून सूर्य.

आणि गंमत बघा. मुलांच्या पसाऱ्याला नाकं मुरडणारे आपण वर्गाच्या भिंतींवर काय करतो? पाढे, बाराखडी, सुविचार, अवयवांचे तक्ते, पताका, वरून लटकणारे आकार. 'बोलक्या भिंती' म्हणून कौतुकही करून घेतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा पाठ शिकवले. तीन सजवलेल्या वर्गात, तीन जवळजवळ कोऱ्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ दुसरीकडे होतं, साध्या वर्गात सुमारे २८ टक्के. पाठानंतरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं सजवलेल्या वर्गात ४२ टक्के, साध्या वर्गात ५५. मुलं थोडीच होती, हे खरं. तरी भिंती सारख्या बोलत असतील तर मुलांनी ऐकायचं कोणाचं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. तोही पसाराच की! फक्त मोठ्यांनी केलेला, म्हणून तपासणीत त्याला गुण मिळतात.

नीटनेटकेपणाचा विषय निघाला की माँटेसोरी पद्धतीचा दाखला देतात, आणि तो बरोबरच आहे. प्रत्येक साधनाला ठरलेली जागा, मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीची कपाटं. पण तिथला पुढचा नियम आपण विसरतो. काम चालू असताना मुलाला मध्येच उठवायचं नाही, आणि ते संपल्यावर साधन त्यानेच जागेवर ठेवायचं. म्हणजे कधी आवरायचं, हे काम ठरवतं, घंटा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ नंतर बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण खेड्यात नेलं, तेव्हा महागडी साधनं नव्हतीच. आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूच कामाला आल्या. चांगल्या कामाला श्रीमंत कपाट लागत नाही, हे आपल्याच मातीत करून दाखवलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, चाळीस मुलांच्या वर्गात हे जमायचं कसं? सगळं जमणार नाही. पण खिडकीखालची एक फळी, नाहीतर बुटांची रिकामी खोकी 'अर्धवट कामां'साठी ठेवता येतील. झाडताना तिथे हात लावायचा नाही. भिंतींवर या आठवड्याच्या पाठापुरतंच लावायचं, बाकीचं उतरवायचं. पालकांनीही दिवाणखान्यात नको तर नको, पण घरातला एक कोपरा रात्रीपुरता तसाच राहू द्यावा. पाहुणे येणार असतील तर वर चादर टाका हवं तर!

खोक्यावर मुलाचं नाव आणि वार लिहायला विसरू नका. आठवडाभर त्याने हात लावला नाही, तर त्यालाच विचारा, ठेवायचं की मोडायचं? पुष्कळदा "मोडा" असंच उत्तर येतं, आणि सुटे झालेले तुकडे घेऊन स्वारी तिथेच दुसरं काहीतरी करायला बसते.