नवी गाडी दिवसाउजेडी घ्या

आमच्या वस्तीतल्या एका भावाने पोटापाण्यासाठी कर्ज काढून नवी गाडी घेतली. रात्री दिव्यांच्या झगमगाटात ताबा घेतला, पेढे वाटले. सकाळी उन्हात पाहतो तो एका दाराचा रंग निराळा, कडेला ओघळ! विक्रेता म्हणाला, "पॉलिश मारून देतो." 'गाडी सुस्थितीत मिळाली' या कागदावर सही आधीच झाली होती.

बंधू-भगिनींनो, गाडी नोंदणीआधी उन्हात पाहा. दोष दिसला तर फोटो काढा, ताबापत्रावरच लिहा, तक्रारीची पोच घ्या. दाद न मिळाल्यास १९१५ वर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. स्वतः गाडी चालवून पोट भरणाराही ग्राहकच. हप्ते आपण भरायचे, मग गप्प का बसायचे?