कानाला येते, डोळ्याला येत नाही

आमच्या शाळेत मराठी शिकवणारे एक सर आहेत. त्यांच्याकडे जुन्या सिनेगीतांची वही आहे, सगळी देवनागरीत उतरवलेली. मधल्या सुट्टीत ती उघडून ते मला विचारतात, "मॅडम, 'तसव्वुर' म्हणजे नेमकं काय हो?" मी अर्थ सांगते, ते पेन्सिलीने समासात लिहून घेतात. आणि वर म्हणतात, "आपल्याला काही उर्दू येत नाही बुवा!"

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक टॉकीजमध्ये 'आलमआरा' लागला. पहिलाच बोलपट, त्यात ७ गाणी. पुढच्या वर्षीच्या 'इंद्रसभा'त तर सत्तरच्या आसपास! पारशी रंगभूमी आणि संगीत नाटकांनी प्रेक्षकाचा कान आधीच तयार केला होता. आज 'आलमआरा'ची एकही प्रत शिल्लक नाही, पण त्यातल्या फकिराच्या गाण्याचे शब्द लोकांना ठाऊक आहेत. सिनेमा थिएटरात राहतो, गाणं घरी येतं. गाण्यांचा सिनेमा टिकला तो यामुळे, असं मला वाटतं.

घरी येताना ते भाषाही घेऊन आलं. साहिर लुधियानवींची 'चकले' ही नज्म 'प्यासा'त (१९५७) घेतली, तेव्हा तिच्यात पुन्हा पुन्हा येणारी फारसी वळणाची ओळ त्यांनी सोपी करून दिली. नज्मची धार तशीच राहिली आणि ती रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोहोचली. 'बैजू बावरा'तलं (१९५२) मालकंसातलं भजन शकील बदायुनींनी लिहिलं, नौशादांनी बांधलं, रफींनी गायलं. ऐकताना कोणी कोणाचा धर्म विचारला नाही.

म्हणून आपले लोक समाधानाने म्हणतात, सिनेमाने उर्दू वाचवली. मला हे अर्धंच पटतं. गाण्याने उर्दू कानात ठेवली. लिपी मात्र सुटत चालली आहे. प्रवेशाच्या वेळी पालक मला विचारतात, "उर्दू शिकून उपयोग काय?" त्यांच्याच मोबाइलची रिंगटोन गझलेची असते. आजोबांचं पत्र घरात आहे, पण नातवाला ते वाचता येत नाही. ही उणीव कुठलंही गाणं भरून काढणार नाही. ते काम घरातच, पाटीवर अलिफ गिरवून करावं लागेल.

परवा मी सरांच्या वहीत 'तसव्वुर' उर्दू लिपीत लिहून दिलं. त्यांनी वही जरा तिरकी धरली आणि विचारलं, "हे उजवीकडून वाचायचं ना?"

माझ्या वर्गातल्या पालकांनी अजून एवढंही विचारलेलं नाही.