चेंडू फेकणाऱ्याने बॅटही धरलीच पाहिजे काय?

जपानमधील बेसबॉलच्या सेंट्रल लीगने अखेर आपला हट्ट सोडला. २०२७ च्या हंगामापासून पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, जागी दुसरा खेळाडू फलंदाजी करील, असे तिने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. त्याच महिन्यात तेथील शालेय बेसबॉलच्या महासंघानेही २०२६ च्या वसंतातील स्पर्धेपासून हीच पद्धत आणण्याचे ठरविले. यावर जुन्या रसिकांचे म्हणणे असे की, खेळाचा आत्माच गेला! नर्सिंगमध्ये हयात घालविलेल्या आम्हां बायकांना यातले काय कळते, असे कोणी विचारील. खेळातले डावपेच आम्हांस कदाचित थोडे कमी कळत असतील. पण थकल्या शरीराकडून दुप्पट काम करवून घ्यायचे आणि त्याला सद्गुणाचे नाव द्यायचे, हा प्रकार आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांची नजर क्रिकेटवर तयार झाली, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. बेसबॉलमध्ये नऊ जण ठरलेल्या क्रमाने बॅट घेतात आणि नववा झाला की पुन्हा पहिला येतो. हे चक्र सामनाभर फिरत राहते. त्यामुळे पिचरची पाळी एका सामन्यात दोन-तीनदा येते. आपला चंद्रशेखर आठवा. कसोटीत २४२ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाच्या कसोटी धावा अवघ्या १६७! पण त्याची पाळी डावात एकदाच, आणि तीही सर्वांच्या शेवटी. बेसबॉलमध्ये त्याच चंद्रशेखरला संघाचा निम्मा डाव रंगात आलेला असताना पुन्हा पुन्हा उभे करायचे, असा हा मामला आहे. नव्या पद्धतीत पिचर फक्त फेकतो. त्याच्या जागी एक दहावा खेळाडू फक्त बॅट घेतो. त्याला ‘डेझिग्नेटेड हिटर’, म्हणजे नेमलेला फलंदाज, म्हणतात.

ही कल्पना काही कालची नव्हे. अमेरिकेत कॉनी मॅक यांनी ती १९०६ साली मांडली होती. तेथील अमेरिकन लीगने ती १९७३ साली स्वीकारली. जपानच्या पॅसिफिक लीगने प्रेक्षक ओसरू लागल्यावर १९७५ साली ती उचलली. सेंट्रल लीग मात्र अर्धे शतक ‘आमचे नऊच बरे’ म्हणत बसली. २०१९ आणि २०२० साली पॅसिफिकच्या सॉफ्टबँक संघाने सेंट्रलच्या योमिउरी जायंट्सला जपान सिरीजमध्ये ४-० असे लागोपाठ दोनदा धुतले. मग जायंट्सनी स्वतःच बदल मागितला. बाकीच्यांनी तो फेटाळला. आम्ही हारजितीवर आमचा मुद्दा उभा करीत नाही. २०२१, २०२३ व २०२४ ची अजिंक्यपदे सेंट्रलच्याच संघांनी जिंकली. नियम कोणाला जिंकवितो, यापेक्षा तो माणसाला कसे वागवितो, हे आम्ही पाहतो.

विरोधकांचा पहिला मुद्दा परंपरेचा. ते एनात्सु युताका याचे नाव घेतात, आणि घ्यावेच असे ते नाव आहे. ३० ऑगस्ट १९७३ रोजी कोशिएनच्या मैदानावर हान्शिनच्या या पिचरने अकरा इनिंग्जपर्यंत प्रतिपक्षाला एकही हिट घेऊ दिली नाही आणि अकराव्यात स्वतःच होमरन मारून सामना १-० ने संपविला. ऐकूनच अंगावर काटा येतो. पण असा दिवस लक्षात राहतो, तो विरळा असतो म्हणूनच. अमेरिकेत २०२१ साली पिचरांची फलंदाजी पाहावी: शंभरदा उभे राहून हिट जेमतेम अकरा. एका एनात्सुसाठी शेकडो मुलांना बॅट देऊन हसे करायचे, याला परंपरा म्हणायचे काय?

दुसरा मुद्दा डावपेचाचा. पिचरची पाळी आली की त्याला काढावे की ठेवावे, या पेचातच मॅनेजरची कसोटी आहे, असे सांगतात. म्हणजे चांगली फेक चाललेला माणूस केवळ पाळी आली म्हणून बाहेर बसवायचा! हा डावपेच नव्हे, ही नियमाने घातलेली अडचण आहे. अडचणीतून वाट काढणाऱ्याचे कौतुक जरूर करावे, पण त्यासाठी अडचण जपून ठेवू नये.

आता शरीराचे पाहू, कारण ते आमचे क्षेत्र. पिचरला बहुधा ‘बंट’ करायला सांगतात. बॅट आडवी धरायची आणि चेंडू हलकेच पुढे टाकायचा. उजव्या हाताने खेळणारा यासाठी उजवा हात बॅटच्या मध्यावर सरकवितो. त्या वेळी वेगाने येणाऱ्या चेंडूसमोर असतात त्याच हाताची बोटे, ज्यांच्यावर त्याची रोजीरोटी चालते! मग धावणे आले. न्यूयॉर्क यांकीजचा तैवानी पिचर वांग चिएन-मिंग याने २००६ आणि २००७ साली प्रत्येकी १९ विजय मिळविले होते. त्याच्या लीगमध्ये पिचर बॅट घेत नसे. जून २००८ मध्ये तो दुसऱ्या लीगच्या मैदानावर, ह्यूस्टनला, त्यांच्या नियमाने खेळला, धाव घेताना उजव्या पायाला इजा झाली, आणि पूर्वीचा वांग पुन्हा दिसला नाही. २०१५ साली सेंट लुईसच्या ॲडम वेनराइटची टाचेची शीर फलंदाजीच्या जागेवरून पळतानाच तुटली. ज्या कामासाठी माणूस घेतला नाही, त्या कामात तो मोडला, तर जबाबदार कोण?

तिसरा मुद्दा ओहतानीचा. आमच्या नातवंडांच्या तोंडी हे नाव सतत असते. नेमलेला फलंदाज आला की फेकणारा आणि मारणारा असा दुहेरी खेळाडू जन्मालाच येणार नाही, असे भय घालतात. खरी गोष्ट उलट आहे. ओहतानी घडला पॅसिफिक लीगमध्ये. २०१६ साली त्याने निप्पॉन-हॅमसाठी १० विजय मिळविले आणि २२ होमरन मारले. चेंडू न फेकण्याच्या दिवशी तो बहुधा नेमलेला फलंदाज म्हणूनच खेळे. सेंट्रलमध्ये असता तर त्या दिवशी त्याला क्षेत्ररक्षणात पळवावे लागले असते, नाहीतर बाकावर बसवावे लागले असते. आणि या नियमात सक्ती नाही. ज्याला दोन्ही येते त्याने दोन्ही करावे. ३ जुलै २०१६ रोजी ओहतानी पिचर असूनही पहिला फलंदाज म्हणून उतरला आणि पहिल्याच चेंडूवर त्याने होमरन मारला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पुढील वर्षी तो फेकू शकत नव्हता, तरी ५४ होमरन आणि ५९ चोरलेले बेस त्याच्या नावावर लागले. दुखरा अवयव विसावला आणि माणूस कामावर राहिला. याहून चांगली शुश्रूषा आम्हांस ठाऊक नाही!

शाळकरी मुलांचा प्रश्न याहून गंभीर आहे. कोशिएनच्या उन्हाळी स्पर्धेत साइतो युकी याने २००६ साली ९४८ चेंडू फेकले, तर योशिदा कोसेई याने २०१८ साली ८८१. ऑगस्टच्या उन्हात, सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी! लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजविल्या. आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली ती २०२० साली. नेमलेला फलंदाज आल्याने फेकायचे चेंडू कमी होत नाहीत, हे आम्ही जाणतो. पिचरला काढण्याचे एक कारण गेल्याने ते वाढूही शकतील. म्हणून ती मर्यादा हवीच. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये पोराला सावलीत बसून पाणी पिता येईल आणि बाकावरच्या एका दहाव्या मुलाला मैदान मिळेल, हे काय थोडे झाले?

इस्रायलच्या संघाने २०१७ साली टोकियोत क्यूबाला ४-१ ने हरविले आणि २०२१ साली तो योकोहामाला ऑलिंपिक खेळला. दोन्हीकडे नेमलेला फलंदाज होता. क्यूबावरील तो विजय अर्धवट होता, असे कोणी म्हटले नाही.

आम्ही नव्या नर्सेस होतो तेव्हा रात्रपाळी उरकून सकाळी पुन्हा वॉर्डात उभे राहावे लागे. कुरकुर केली की वरिष्ठ बाई म्हणत, “आमच्या वेळी आम्ही हेच केले.” त्या खोटे बोलत नव्हत्या. पण त्यांनी सोसले हे आम्ही सोसण्याचे कारण होऊ शकत नव्हते, आणि त्या पाळ्यांनी एकाही रोग्याचे भले झाले नाही. सेंट्रल लीगच्या पन्नास वर्षांच्या हट्टामागे आम्हांस त्या बाईंचेच वाक्य ऐकू येते. वाचकहो, आपल्या घरातही ते अधूनमधून ऐकू येते. मुलांना परंपरा जरूर द्यावी, पण तिच्याबरोबर आपली दुखणी देऊ नयेत.