बोट ‘नष्ट’ होते म्हणजे काय?

वर्तमानपत्रातील काही शब्द आपण इतक्या वेळा वाचलेले असतात की त्यांचा अर्थ विचारण्याचे आपल्याला सुचतच नाही. ‘नष्ट’ हा असाच एक शब्द. उजनीच्या जलाशयात बेकायदा वाळू उपसणाऱ्या बोटी महसूल खात्याच्या व पोलिसांच्या पथकाने पकडल्या आणि जिलेटिनच्या स्फोटाने ‘नष्ट’ केल्या, ही बातमी इंदापूर, दौंड, करमाळा या तालुक्यांतून गेली अनेक वर्षे येत आहे. कधी बोटी उडविल्या जातात, कधी पेटविल्या जातात, कधी बुडविल्या जातात. आपल्या कल्याण-भिवंडीच्या खाडीतही रेतीचे बार्ज आणि सक्शन पंप यांवर अशीच कारवाई होते. बातमी वाचून आपल्याला बरे वाटते. नदी पोखरणाऱ्याला शासन झाले असे वाटते, आणि ते व्हायलाच हवे. परंतु उजनीच्या या बातम्यांत पुष्कळदा ‘फायबर बोट’ असे दोन शब्द असतात, आणि माझे म्हणणे त्या दोन शब्दांपाशी सुरू होते. फायबरची बोट स्फोटाने नष्ट होत नाही. तिचे तुकडे होतात. आणि ज्या पाण्यात ते तुकडे पडतात, तेच पाणी पुढे सोलापूर शहर पिते.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का पडावे, हे विज्ञान मंडळाचे काम नव्हे काय, असे कोणी विचारील. परंतु शब्द तपासून घेणे हे तर आमचेच काम! ‘नष्ट’ हा शब्द खोटा असेल, तर त्या शब्दाच्या आडोशाला काय उरले आहे ते पाहणे भाषेच्या विद्यार्थ्यालाही चुकत नाही. शिवाय मी राहते आंबिवलीला. शहाड सोडून लोकल आंबिवलीकडे निघाली की उल्हास नदी ओलांडावी लागते. पलीकडे टिटवाळ्याला काळू आहे, खाली कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडी आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीवर झाला, असा अभिमान आपण बाळगतो. होडी कशी जन्माला येते याचा इतिहास आपल्याला पाठ आहे. ती मरते कशी, याचा विचार मात्र आपण कधी केला नाही. कारण तो करण्याची गरजच नव्हती.

लाकडी होडी आपली आपण मरत असे. सागाच्या फळ्या, फटींत भरलेला कापूस, वरून तेलाचा हात. वय झाले की ती किनाऱ्यावर ओढली जाई. चांगली फळी कोणाच्या दाराला लागे, लोखंडी खिळे भंगारात जात, उरलेले चुलीत. जे कोणी नेत नसे ते चिखलात कुजे. तिचा शेवट हा कोणाचाच प्रश्न नव्हता.

फायबरची होडी निराळी आहे. काचेचे बारीक तंतू विणून त्यांची चटई करायची, ती साच्यात पसरायची, तिच्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतायचे, आणि असे थरावर थर चढवायचे. रेझिन आवळले की पाण्याला, वाळवीला, कुजण्याला दाद न देणारे कवच तयार होते. १९४० च्या दशकात अमेरिकेत अशा होड्या होऊ लागल्या आणि पुढे जगभर पसरल्या. आपल्या कोकण किनाऱ्यावरही आज फायबरच्या होड्या ठिकठिकाणी दिसतात. त्यात वाईट काहीच नाही. हलकी, टिकाऊ, डागडुजी कमी. गरीब कोळ्याला ती परवडते. परंतु या रेझिनचा एक स्वभाव आहे. मेण वितळवून पुन्हा मेणबत्ती करता येते. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही. हे रेझिन भाकरीच्या जातीचे आहे. एकदा आवळले की वितळवून त्याचे दुसरे काही करता येत नाही. म्हणून भंगारवाला होडीचे इंजिन नेतो, पितळ नेतो, लोखंड नेतो, आणि कवच तिथेच टाकून जातो.

मग त्या कवचाचे लोक काय करतात? काठावर पालथे टाकतात, जाळतात, किंवा रात्री दगड भरून बुडवितात. उताणे राहिले तर त्यात पावसाचे पाणी साठून डासांची सोय होते. जाळले तर रेझिनचा काळा विषारी धूर निघतो, काच मात्र जळत नाही, ती राखेत मोकळी होते. ज्या कल्याणकरांनी आधारवाडीच्या कचराभूमीचा धूर वर्षानुवर्षे छातीत घेतला आणि २०२१ साली ती बंद झाल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला, त्यांना धुराविषयी अधिक सांगायला नको. आणि बुडविले तर? इंग्लंडमधील चिचेस्टर बंदरातील कालवे व शिंपले तपासून शास्त्रज्ञांनी २०२४ साली जे प्रसिद्ध केले ते वाचण्यासारखे आहे. एक किलो कालवांत फायबरच्या होड्यांचे अकरा हजारांहून अधिक कण सापडले. कालवे आपल्या खाड्यांतही होतात आणि आपण ती आवडीने खातो. आता सांगा, ‘नष्ट’ काय झाले? होडी डोळ्यांआड झाली, एवढेच.

कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे नाही. वाहत्या पाण्यात घातक पदार्थ सोडू नये, हे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानेच सांगितले आहे. आपला कचरा सार्वजनिक जागी, गटारात वा पाण्यात टाकू, जाळू अथवा पुरू नये, हे २०१६ च्या घनकचरा नियमांनी बजावले. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने न वितळणाऱ्या प्लास्टिकविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत फायबरचा नावानिशी उल्लेख आहे, आणि असा माल सिमेंटच्या भट्टीत द्यावा असा मार्ग सांगितला आहे. ही युक्ती समजून घेण्याजोगी आहे. सिमेंटच्या भट्टीत चौदाशे अंशांहून अधिक उष्णता असते. तेथे रेझिन जळून कोळशाची बचत करते, आणि काचेतील वाळू, चुना व अॅल्युमिना सिमेंटमध्येच मिसळून जातात. मागे राख उरत नाही. ‘नष्ट’ हा शब्द कोठे शोभत असेल तर तो येथे.

परंतु भट्टी आहे कोठे? महाराष्ट्रात ती मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना-गडचांदूरच्या पट्ट्यात. आंबिवलीहून तेथे जायचे म्हणजे अख्खा महाराष्ट्र ओलांडायचा. आमच्या मोहन्याला, २००९ पासून बंद पडलेल्या एनआरसी कारखान्याच्या जागेवर, सिमेंटचा प्रकल्प आणण्याचा प्रस्ताव निघाला आणि सप्टेंबर २०२५ च्या जनसुनावणीत गावकऱ्यांनी त्याला विरोध केला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. तो वाद येथे उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. ‘मग होडी तिथेच देता येईल’ असे मात्र कोणी समजू नये, कारण तो प्रस्ताव सिमेंट दळण्याच्या गिरणीचा आहे. गिरणीला भट्टी नसते.

म्हणजे नियम आहे, भट्टीही आहे. या दोहोंमधला रस्ता तेवढा नाही. एका होडीसाठी चंद्रपूरला ट्रक कोण पाठवील? ज्याची होडी त्याने, असे म्हणणे सोपे आहे. पण जुनी होडी टाकून देणारा मनुष्य बहुधा नवी घेण्यासाठी कर्ज काढून बसलेला असतो. त्याला केवळ दंडाची भीती घातली तर तो एवढेच करील : दिवसा टाकायची ती रात्री टाकील.

तरीही आज ज्याच्या दारात जुने कवच पडले आहे, त्याला काही गोष्टी करता येतात. होडी कागदोपत्री जिवंत ठेवू नये. मासेमारीची असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याकडील आणि इतर यांत्रिक होडी असेल तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालील नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी. कर्ज असेल तर बँकेला कळवावे. नंतर डिझेल, इंजिनातील तेल आणि बॅटरी काढून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावी. कवच कापायचेच असेल तर नदीकाठी मुळीच कापू नये. जमिनीवर ताडपत्री अंथरावी, पाणी मारीत कापावे, नाकाला धूळ अडविणारा चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत, कारण त्या धुळीत काच असते. नुसता रुमाल बांधून ग्राइंडर चालविणाऱ्या मजुराला आपण मजुरी देतो आणि खोकलाही देतो! ताडपत्रीवरची धूळ गोणीत भरावी. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण येथील कार्यालयात लेखी विचारावे की हा माल कोणत्या परवानाधारक ठिकाणी द्यायचा, आणि दिल्यावर पावती घ्यावी. पावतीशिवाय ‘कोणीतरी नेली’ म्हणजे ती कोणत्यातरी नाल्यात गेली असे समजावे.

आता सरकारी पथकांविषयी. त्यांची बाजू मला समजते. मनुष्यबळ थोडे, काठावर क्रेन नाही, आणि पकडलेली बोट लिलावात काढली तर ती पुन्हा त्याच मंडळींच्या हाती जाते. तेव्हा तेथल्या तेथे उडवून दिलेली बरी, असा त्यांचा हिशेब असतो. परंतु बोट निकामी करणे आणि बोट पाण्यात विखुरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इंजिन काढून घेतले आणि कवच काठावर ओढून तोडले तरी ती पुन्हा तरंगत नाही. ओढण्याचा, तोडण्याचा आणि भट्टीपर्यंत नेण्याचा खर्च वाळूचोराकडून वसूल करावा. नदी वाचविण्यासाठी निघालेल्या माणसांनी नदीत काचेचा चुरा सोडून परतावे, यात न्याय अर्धाच होतो.

आणि मूळ उपाय तर त्याहून आधीचा आहे. फ्रान्समध्ये नवी नौका विकतानाच तिच्या शेवटाचा खर्च बाजूला काढतात; २०१९ पासून तेथे मालकाने जुनी नौका केंद्रापर्यंत आणून द्यावी, मोडणी फुकट होते. नॉर्वेत २०१७ पासून जुनी होडी जमा करणाऱ्याला एक हजार क्रोनर परत मिळू लागले. जपानने २००५ सालीच फायबरच्या होड्या गोळा करून सिमेंटच्या भट्टीकडे पाठविण्याची व्यवस्था सुरू केली. हे धनिक देशांचे चोचले आहेत असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडेही १ एप्रिल २०२५ पासून जुन्या मोटारींच्या शेवटाची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली आहे. मोठ्या जहाजांसाठी २०१९ चा कायदा आहे आणि अलंगचे किनारे आहेत. मोटारीला वाली आहे, जहाजाला वाली आहे. मधल्या मधे गरिबाची होडी तेवढी बेवारस! नोंदणीच्या वेळीच थोडी अनामत घ्यावी, बंदरांवर आणि मोठ्या जलाशयांवर कवचे जमा करण्याची एकेक जागा ठरवावी, ट्रकभर माल झाला की तो भट्टीकडे जावा, आणि कवच आणून देणाऱ्याला त्याची अनामत परत मिळावी. यात अशक्य असे काय आहे?

आपल्या महाविद्यालयालाही करण्यासारखे काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात उल्हास, काळू आणि कल्याणची खाडी यांच्या काठी पडलेल्या बेवारस होड्यांची मोजदाद करावी. त्यांना हात लावू नये, करवत तर मुळीच चालवू नये. फक्त जागा, लांबी, अवस्था आणि नोंदणी क्रमांक टिपून ती यादी महापालिकेच्या व प्रदूषण मंडळाच्या हाती द्यावी. सरकारी टेबलावर बेवारस वस्तूला वजन नसते, यादीला असते.

पूर्वी होडी बांधणारा सुतार तिच्या शेवटाची काळजी करीत नसे, कारण ती काळजी चिखल आणि वाळवी वाहत होती. आपण वाळवीला न जुमानणारी वस्तू हौसेने करून घेतली, तेव्हाच वाळवीचे काम आपल्या अंगावर आले. ते काम कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोठे करायचे हे जोवर ठरत नाही, तोवर बातमीत ‘नष्ट’ हा शब्द छापू नये, असे मला वाटते. ‘बोट फोडून पाण्यात टाकली’ असे लिहावे. ते वाचताना बोचेल. पण खरे असेल.