नळाचे पाणी आणि मुळशीची आठवण



आपल्या पेडणे-डिचोलीत तिलारीचे पाणी येते. सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात हे धरण बांधताना पाल, पाट्ये, सरगवे, आयनोडे अशी गावे उठली. नळ सोडताना ही नावे आपल्याला आठवतात का?

मला अशा वेळी सेनापती बापट आठवतात. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. बापट त्यात पुढे झाले, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी धरण झालेच, गावे बुडाली. पण हार दिसत असतानाही त्यांनी शेतकऱ्यांची साथ सोडली नाही. म्हणूनच लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हटले. पुढे १९५५ साली, उतारवयात, ते गोवा मुक्तीच्या सत्याग्रहातही उतरले.

विकासाला माझा विरोध नाही. शाळेलाही पाणी हवे, वीज हवी. मात्र जो घर सोडतो त्याला घर, शेत आणि काम आधी मिळावे; धरणाची भिंत मागाहून उभी राहावी. मुलांनो, वाहता नळ बंद करताना त्यांतल्या एका गावाचे नाव जरूर घ्या.

— मुख्याध्यापक